तुम्ही विचारलंत म्हणून: मध्य अमेरिकेतला क्वेट्झल पक्षी हमखास कसा दिसेल?

कोस्टा रिकाला निघालेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. दुर्बीण, लेन्स, हॉटेल सगळं ठरलेलं असतं. मी सांगतो, पक्ष्याच्या मागे लागू नका, झाड गाठा.

झाड म्हणजे आग्वाकातीयो, रानटी अवोकाडो. फळ मोठ्या बोराएवढं, त्यात बीच जास्त, गर नावापुरता. क्वेट्झल फांदीवरून झेपावतो, उडता उडताच फळ तोडतो, अख्खं गिळतो आणि परत येऊन ढिम्म बसतो. काही वेळाने बी ओकून टाकतो. त्या ढिम्म बसण्यामुळेच आपली पंचाईत होते. पाठ हिरवी, शेवाळलेल्या फांद्या हिरव्या, वरून धुकं. लालभडक पोट पलीकडे वळलेलं असलं, की जेमतेम 40 सेंटिमीटरचा हा पक्षी अंगाहून लांब पिसं मिरवत समोर बसलेला असूनही दिसत नाही. फळांनी लगडलेल्या झाडाखाली थांबलात तर तो हलतो तरी!

कोस्टा रिकातल्या सान हेरार्दो दे दोताच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी ही झाडं राखली आहेत. पहाटे तिथेच जा. मार्च-एप्रिल उत्तम, विणीनंतर नराची ती लांब पिसं गळतात. ग्वाटेमालाच्या झेंड्यावर क्वेट्झल आहे, 1925 पासून चलनाचं नावही तेच, म्हणून काहीजण तिकडे वळतात. हौस म्हणून ठीक, पण पाहण्यासाठी मी कोस्टा रिकाच सुचवेन.

आंबोली-तिळारीकडचा आपला कर्णा याच कुळातला. तो मात्र मुख्यतः किडे खातो, त्याला ही युक्ती लागू नाही. धनेशासाठी फळलेल्या उंबराखाली ताटकळला असाल, तर तुमची तयारी झालेलीच आहे.

आता महिन्यांबद्दल. कोस्टा रिकातल्याच मॉन्टेव्हर्डे या डोंगरी अभयारण्यात क्वेट्झलना रेडिओ ट्रान्समीटर लावून केलेला एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. वीण आटोपली की हे पक्षी पॅसिफिककडच्या उतारावर खाली जातात, नंतर डोंगर ओलांडून कॅरिबियन बाजूला. जिथे फळं, तिथे मुक्काम. अभयारण्याची हद्द मात्र मुख्यतः डोंगरमाथ्यापुरती आखलेली होती. उतारावरची जंगलं बरीचशी खासगी, तुकड्या-तुकड्यांत उरलेली. म्हणजे नुसता माथा राखून हा पक्षी राखला जात नाही. आणि सप्टेंबरचं स्वस्त तिकीट काढून त्या माथ्यावर उभं राहणाऱ्यांनी नंतर मला फोन करू नये.