'कविता' दोनदा

मंगळवार, रात्री

दिवसभर पुस्तकांची यादी साफ करत बसले. दोन ठिकाणांहून आलेल्या याद्या एक्सेलमध्ये एकत्र करायच्या होत्या. विषयवार गोषवारा काढायला पिव्होट टेबल केलं तर विषयांत 'कविता' दोनदा. एकाखाली एक, हुबेहूब सारखी.

डोळ्यांना काही सापडेना, म्हणून अक्षरं मोजली. क, व, वेलांटी, त, काना. एक्सेल वेलांटी-कानाही वेगळे मोजतं, म्हणजे ५. एका सेलला 'लेन' हे चिन्हं मोजणारं सूत्र लावलं तर ५ आलं, दुसऱ्या सेलला ६.

'ट्रिम' लावलं. ते पुढच्या-मागच्या स्पेस काढतं आणि मधल्या जादा स्पेसची एकच ठेवतं. तरी ६! मग 'राइट'ने शेवटचं चिन्ह वेगळं काढलं आणि 'युनिकोड'ने त्याचा संगणकातला ठरलेला क्रमांक पाहिला: १६०. साध्या स्पेसचा क्रमांक ३२. ही १६० म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, तिथे ओळ तुटू नये म्हणून वेबपानांत घालतात ती. कॉपी-पेस्ट करताना सोबत येते आणि ट्रिम तिला हात लावत नाही. 'क्लीन'चाही उपयोग नाही, ते ० ते ३१ क्रमांकांचीच चिन्हं काढतं. म्हणून आधी 'सबस्टिट्यूट'ने १६० च्या जागी ३२ घातली, मग वरून ट्रिम.

पानांच्या रकान्याने मात्र पोटात गोळा आणला. १६० चिकटलेला आकडा एक्सेलच्या लेखी मजकूर ठरतो आणि 'सम' असा सेल मुकाट्याने वगळतं. एरर नाही, काही नाही. बेरीज येते, फक्त कमी येते. काही आकडे उजवीकडे न जाता सेलच्या डाव्या कडेला बसलेले दिसले, म्हणून लक्षात आलं. नाहीतर तीच बेरीज पुढे गेली असती.

संध्याकाळी एक चूक झाली. काही नावांत ८२०५ क्रमांकाचं चिन्ह सापडलं. तेही न दिसणारं, म्हणून सगळ्या रकान्यातून एकदम काढून टाकलं. वर गेले तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं! ते चिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, रुंदी नसलेलं जोडचिन्ह. काही कीबोर्डांवर 'ऱ्या' टाइप करताना र, हलन्त आणि य यांच्यामध्ये तेच बसतं. ते गेलं की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. मला फार वाईट वाटलं. कचरा म्हणून मी आपल्या भाषेचं अक्षरच मोडत होते. मूळ रकाना तसाच ठेवून शेजारच्या रकान्यात सूत्रं लिहिली होती, म्हणून सगळी नावं परत मिळाली. आता ८२०५ ला हात लावायचा नाही, निदान देवनागरी मजकुरात तरी नाही.

झोपण्याआधी पिव्होट रिफ्रेश केलं. 'कविता' एकदाच. ज्या सेलमध्ये सकाळी ६ होते, तिथे पुन्हा लेन लावून पाहिलं. ५.