तुम्ही विचारलंत म्हणून: जिंकला तोच सर्वांत चांगला का?

बॅडमिंटन स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, भिंतीवर चिकटवून पाच मिनिटं होत नाहीत, तोवर कुणीतरी येतंच. "मॅडम, सीडिंगवर एवढा काथ्याकूट कशाला? शेवटी जिंकेल तोच बेस्ट ना?" (सीडिंग म्हणजे चांगल्या खेळाडूंना ड्रॉमध्ये आधीच वेगवेगळ्या जागी बसवणं.) फायनल झाली की तोच प्रश्न दुसऱ्या तोंडाने येतो. "खरं सांगा, हा मुलगा सगळ्यांत चांगला होता का?" दोघांनाही मी आजवर उभ्या उभ्या, हातात स्कोअरशीट धरून, अर्धंमुर्धं उत्तर देत आले. आज नीट लिहिते.

माझं उत्तर: नाही. जिंकण्याने विजेता ठरतो. कोण चांगलं, हे त्यातून कधी भरपूर कळतं, कधी जेमतेम. हरलेल्यांची समजूत काढण्यासाठी मी हे म्हणत नाही. स्पर्धा कशी आखतात हे ज्याला माहीत आहे त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही.

३२ खेळाडू, ४ कोर्ट, एका मॅचला सरासरी ४० मिनिटं असं धरा. नॉकआउटमध्ये, म्हणजे हरला तो बाहेर या पद्धतीत, ३१ मॅचेस होतात आणि सहा तासांत, म्हणजे एका दिवसात, स्पर्धा उरकते. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं ठरवलं तर ४९६ मॅचेस. चार कोर्टांवर ८२ तास ४० मिनिटं, रोज दहा तास खेळवलं तरी आठ दिवसांच्या वर. एवढे दिवस पुण्यात कुठला हॉल मिळणार, आणि मिळाला तरी भाडं कोण भरणार? म्हणून नॉकआउट. ही पद्धत वेळ आणि पैसा वाचवायला निघाली आहे, गुणवत्तेचा क्रम लावायला नाही.

उपविजेत्याचं बघा. समजा चांगला खेळाडू नेहमीच जिंकतो, अपवाद नाही, आणि सगळा ड्रॉ चिठ्ठ्या टाकून काढला आहे. तरीही दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू पहिल्याच्या विरुद्ध अर्ध्यात पडण्याची शक्यता ३१ पैकी १६, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. तो त्याच अर्ध्यात पडला तर फायनलच्या आधीच, कदाचित पहिल्याच फेरीत, विजेत्याकडून हरून घरी जातो आणि रौप्यपदक तिसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडतं. खरा दुसरा शोधायचा तर विजेत्याकडून हरलेल्या पाच जणांना आपसात चार मॅचेस जास्तीच्या खेळवाव्या लागतील. ३१ च्या ३५. त्या चार मॅचेस कुणी खेळवत नाही. त्याऐवजी सीडिंग करतात: १ नंबर सगळ्यांत वर, २ नंबर सगळ्यांत खाली, ३ आणि ४ चिठ्ठीने ड्रॉच्या उरलेल्या दोन क्वार्टरमध्ये, म्हणजे चौथाई भागांत. आणि सीडिंग कशावरून? मागच्या निकालांवरून. ते निकाल अशाच ड्रॉमधून आलेले असतात.

चांगला खेळाडू नेहमी जिंकतो हे मी वर फुकट धरलं होतं. ते काढून घेते. समजा एक मुलगी दुसरीपेक्षा किंचित सरस आहे, इतकी की १०० पैकी ५२ रॅली ती घेते (रॅली म्हणजे एका गुणासाठीचा खेळ). २१ गुणांच्या गेममध्ये तिची जिंकण्याची शक्यता होते साधारण ६० टक्के, आणि तीन गेमच्या मॅचमध्ये साधारण ६५. म्हणजे शंभरातल्या ३५ वेळा सरस मुलगी हरते आणि टाळ्या दुसरीला मिळतात. पाचही फेऱ्यांत तिला अशाच तोडीच्या मुली लागल्या, तर विजेतेपदाची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास उरते. फरक मोठा असेल, १०० पैकी ५५ रॅली, तर मॅचची शक्यता ८३ वर जाते आणि तरीही स्पर्धा जिंकण्याची ४० च्या घरातच राहते. प्रत्येक रॅली आधीच्या रॅलीपासून सुटी आहे असं धरून काढलेले हे आकडे आहेत. प्रत्यक्षात मनगट थकतं, डोकं तापतं, हे मलाही दिसतं. पण बाळबोध हिशेबसुद्धा इतकं सांगतो.

शिवाय गुण मोजण्याची पद्धत आहेच. २१-१९, ५-२१, २१-१९ हा पूर्णपणे कायदेशीर विजय आहे. जिंकणाऱ्याचे गुण ४७, हरणाऱ्याचे ५९.

आणि शटल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर. हवा विरळ, म्हणून तेच शटल इथे मुंबईपेक्षा लांब जातं आणि उन्हाळ्यात आणखी लांब. नियमाप्रमाणे मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेलं शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलीमीटर अलीकडे पडलं पाहिजे. जवळजवळ अर्ध्या मीटरची ही पट्टी. शटल पट्टीच्या लांबच्या टोकाला पडत असेल तर स्मॅश मारणाऱ्याचं फावतं, अलीकडच्या टोकाला पडत असेल तर उचलून उचलून दमवणाऱ्याचं. सकाळी टेस्ट करून पास केलेला शटलचा डबा एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या हॉलमध्ये पट्टीबाहेर जातो. त्याच दोन मुली, तोच हॉल, सकाळी अकराला एक जिंकेल आणि दुपारी तीनला दुसरी. यातली "सर्वांत चांगली" कुठली?

एवढं सांगितलं की मला म्हणतात, "हे गल्लीतल्या स्पर्धांचं झालं. मोठ्या स्टेजवर खरं काय ते कळतंच." म्हणून १४ जुलै २०१९ बद्दल जरा सविस्तर लिहिते.

त्या रविवारी लंडनमध्ये एकाच वेळी दोन फायनल चालू होत्या. लॉर्ड्सवर वन-डे विश्वचषकाची, इंग्लंड आणि न्यूझीलंड, आणि विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर फेडरर आणि जोकोविच. आपल्याकडे मध्यरात्र जवळ आली तेव्हा दोन्हीकडे शेवटची झुंज चालू होती. आपण चार दिवसांपूर्वीच मँचेस्टरला न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरून बाहेर पडलो होतो. साखळीत १५ गुणांसह पहिले आलो होतो आपण. न्यूझीलंडचे ११, पाकिस्तानचेही ११, आणि साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलेलं होतं. उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेलं ते नेट रनरेटवर.

लॉर्ड्सचं शेवटचं षटक. इंग्लंडला तीन चेंडूंत नऊ हव्या. इंग्लंडच्या स्टोक्सने न्यूझीलंडच्या बोल्टचा चेंडू डीप मिडविकेटला मारला आणि दुसरी धाव घ्यायला उलटा फिरला. गप्टिलने फेकला. मँचेस्टरला धोनीला थेट फेकीवर धावबाद केलं होतं तेच हे हात. स्टोक्सने क्रीजकडे सूर मारला, चेंडू त्याच्या बॅटवर आपटून सीमापार गेला. पंचांनी सहा धावा दिल्या, पळून काढलेल्या दोन आणि ओव्हरथ्रोच्या चार. पण नियम असा की चेंडू फेकला त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असेल तरच चालू असलेली धाव धरायची. त्यांनी ओलांडलं नव्हतं. पाच द्यायला हव्या होत्या आणि पुढच्या चेंडूला स्ट्राइकवर रशीद हवा होता, जो मुळात गोलंदाज. म्हणजे दोन चेंडूंत चार आणि समोर रशीद. प्रत्यक्षात राहिलं दोन चेंडूंत तीन आणि समोर स्टोक्स. पंच कुमार धर्मसेना यांनी पुढे चूक मान्य केली.

सामना २४१-२४१. सुपर ओव्हर १५-१५. मग चौकार-षटकार मोजले: २६ विरुद्ध १७. विश्वविजेता इंग्लंड. गडी मोजले असते तर न्यूझीलंडचे आठ पडले होते, इंग्लंडचे दहा. एकाच सामन्याला दोन मापं लावली तर दोन विजेते निघतात. पुढे ऑक्टोबरात आयसीसीने तो नियमच काढला.

इथे माझ्यावर लगेच आरोप होतो: "म्हणजे इंग्लंड विजेता नव्हता?" होता. नियम स्पर्धेआधी लिहिलेला होता, दोन्ही संघांना माहीत होता. चषक त्यांचाच. इतकंच काय, मला तर वाटतं त्या काळात वन-डेत खरोखर इंग्लंडच सर्वांत चांगला संघ होता. क्रमवारीत ते पहिले होते आणि साखळीत याच न्यूझीलंडला त्यांनी ११९ धावांनी हरवलं होतं. पण हे मी त्या लांबच्या कामगिरीवरून म्हणते. त्या फायनलमधून तेवढं सिद्ध होत नाही. निकाल खरा असू शकतो आणि त्याचा पुरावा कच्चा असू शकतो. हे दोन वेगळं करून बोललं की लोकांना मी शब्दांचा खेळ करते असं वाटतं. मी तसं करत नाही.

आता सेंटर कोर्ट. ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. चार तास ५७ मिनिटं. फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. फेडररने ३६ गेम जिंकल्या, जोकोविचने ३२. विजेता जोकोविच. तीन सेट त्याने घेतले ते तिन्ही टायब्रेकवर, म्हणजे सेट बरोबरीत अडकला की तो सोडवणाऱ्या छोट्या गेमवर: ७-५, ७-४, ७-३. तीन टायब्रेक मिळून ३३ पॉइंट, त्यातले २१ त्याचे. उरलेले ३८९ पॉइंट मोजा: फेडरर २०६, जोकोविच १८३. पाच तासांच्या खेळात फेडरर वरचढ होता आणि त्या ३३ पॉइंटांत जोकोविच.

हा हिशेब मी पुष्कळ जणांना ऐकवलाय. पूर्वी याच हिशेबाच्या जोरावर मी निकालाला काहीच किंमत न देण्याच्या टोकाला जाऊन बसले होते. त्याही आधी तर "स्कोअरबोर्ड कधी खोटं बोलत नाही" असं ठासून म्हणणारी मीच होते, आणि हरलेल्या मुलांच्या पालकांना ते तोंडावर ऐकवायचे. आता वाटतं, तेव्हाची मी सगळी चुकीची नव्हते. मोठ्या पॉइंटला हात न थरथरणं हा कौशल्याचा भाग नाही असं कोण म्हणेल? २०-१९ ला आखूड सर्व्हिस नेटला घासून टाकणं हे बॅकहँडइतकंच कमावलेलं असतं. मग सगळे पॉइंट सारखे मोजणारी माझी बेरीज चूक का? की ३३ पॉइंट हा नमुनाच इतका छोटा आहे की त्यात नशीब आणि धीर वेगळे काढताच येत नाहीत? दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी भांडते. कुठलीच बाजू हरत नाही.

आणि एक कबुली द्यायलाच हवी. "एका सामन्याने काय होतं" हे मी आपण हरलो की जास्त जोरात म्हणते. १९ नोव्हेंबर २०२३ ला, वन-डे विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या फायनलला ऑस्ट्रेलियाकडून हरलो, तेव्हा तर फारच जोरात. त्याच ऑस्ट्रेलियाला आपण चेन्नईत हरवलं होतं, हे मी दहा जणांना सांगितलं. पण २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलला दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा गडी हातात होते, आणि आपण सात धावांनी जिंकलो, तेव्हा मी नमुना छोटा आहे असं कुणालाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. गणित दोन्ही रात्री तेच होतं.

आपल्या गहुंज्याचं उदाहरण त्यातल्या त्यात बरं. फेब्रुवारी २०१७, पुण्यातली पहिली कसोटी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. स्टीव्ह ओ'कीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा गडी काढले, आपण १०५ आणि १०७ मध्ये गारद, तीन दिवसांत ३३३ धावांनी हार. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फुटलेली, आयसीसीने तिला 'पुअर' शेरा दिला. तो एकच सामना झाला असता तर? पण मालिका चार कसोटींची होती आणि ती आपण २-१ ने जिंकलो. चार सामने काही फार नाहीत, पण एकापेक्षा चार केव्हाही बरे, आणि चार वेगळ्या खेळपट्ट्या तर आणखी बऱ्या.

आपल्या मातीतल्या कुस्तीला हे आधीपासून कळत होतं असं मला वाटतं. तिथे चितपट झाली तर कुस्ती निकाली. पाठ लागली की शंका उरत नाही, पंचाने गुण मोजायची गरज नाही. आणि तासभर झुंजूनही दोघं हटत नसतील तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवायचे. दोघांचे हात वर, इनाम वाटून. लोक चिडायचे, दंगा व्हायचा, कारण निकाली कुस्ती बघायलाच माणूस लांबून आलेला असतो. तरी "कळलं नाही" असं म्हणण्याची सोय त्या मैदानात होती. २४१-२४१, १५-१५ ला तशी सोय नव्हती.

पालकांनो, म्हणून मुलाची एक ट्रॉफी बघून काही ठरवू नका, एक हारही बघून नका. वर्षभरातल्या तीस-चाळीस मॅचेसच्या स्कोअरशीट जपून ठेवा. कोणाशी, कुठल्या हॉलमध्ये, गेम किती गुणांनी गेली आणि १८ च्या पुढचे पॉइंट कोणी घेतले, हे पेनाने बाजूला लिहा. मला विचारायला येताना त्या घेऊन या. मग कदाचित मला काही सांगता येईल.

आणि त्यातही १८ च्या पुढच्या रकान्यापाशी मी अडखळेन, हे आताच सांगून ठेवते. पाचवा सेट, ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची, दोन चॅम्पियनशिप पॉइंट. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे आला आणि जोकोविचने फोरहँडने तिरका पास त्याच्या बाजूने काढला. यातला पहिला नशिबाचा होता की धीराचा, हे मी तो पुन्हा पुन्हा बघूनही ठरवू शकलेले नाही.