केबल पोचत नाही तिथली कामं : आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला केबल ओढण्यापासून. छतातून, भिंतीतून केबल न्यायची, टोकं क्रिंप करायची, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले की काम झालं. मी आणि माझा भागीदार, दोघंच. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारात येणारी-जाणारी वाहतूक तपासणारं उपकरण, बसवायला नंतर लागलो, आणि जिथे केबल नेताच येत नाही अशी कामं त्याहून उशिरा आली. आज लोक आम्हाला बोलावतात ते याच कामांसाठी, म्हणून त्यांच्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम एका गोदामाचं. इंटरनेट रस्त्यापलीकडच्या मुख्य इमारतीत, आणि रस्ता खोदायची परवानगी नाही. गोदामातल्या ऑफिसात त्या इमारतीचं वाय-फाय बऱ्यापैकी पकडायचं. मालकांचं म्हणणं रास्त होतं: आमचे चार कॉम्प्युटर आणि प्रिंटर फायरवॉलच्या मागे हवेत, त्या वाय-फायवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे मोबाइल असतात, त्यांच्याशी संबंध नको. एरवी राऊटर वाय-फाय देतो; इथे राऊटरनेच लॅपटॉपसारखं दुसऱ्याच्या वाय-फायला जोडून घ्यायचं आणि ती बाजू वॅन, म्हणजे इंटरनेटकडची बाजू, धरायची.

आम्ही एका छोट्या बोर्डवर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर घातलं. ते फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे वायरलेस कार्डांची निवड मर्यादित असते, म्हणून ॲथेरॉस चिपचं कार्ड शोधून आणलं. मोड इन्फ्रास्ट्रक्चर (म्हणजे दुसऱ्याच्या वाय-फायला क्लायंट म्हणून जोडणं), नेटवर्कचं नाव, डब्ल्यूपीए२चा पासवर्ड. जोडणी झाली, फायरवॉलवरून पिंगही (पलीकडून उत्तर येतं का ते पाहणारा चाचणी संदेश) जाऊ लागलं. मागच्या कॉम्प्युटरना मात्र नेट नाही.

दोन दिवस गेले यात. आम्ही वायरलेस आणि लॅन (आतलं नेटवर्क) यांचा ब्रिज केला होता, म्हणजे दोन्ही एकच नेटवर्क असल्यासारखं जोडलं होतं, कारण केबलच्या जगात ते सहज चालतं. वाय-फायची गोष्ट वेगळी. क्लायंटकडून ॲक्सेस पॉइंटकडे (वाय-फाय देणाऱ्या उपकरणाकडे) जाणाऱ्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, एरवी तीनच पत्ते असतात, आणि त्यात 'पाठवणारा रेडिओ' आणि 'मूळ पाठवणारा' या दोघांना मिळून एकच जागा. तिथे मागच्या कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) गेला की ॲक्सेस पॉइंटच्या लेखी तो अनोळखी. तो फ्रेम टाकून देतो. चार पत्त्यांची सोय असते, पण ती दोन्ही टोकांना लागते आणि पलीकडचं उपकरण आमच्या ताब्यात नव्हतं. हे कळलं त्या दिवशी आमचं खरं शिक्षण सुरू झालं असं मी मानतो. ब्रिज काढला, राऊटिंग आणि नॅट (मागच्या सगळ्यांनी फायरवॉलच्या एकाच पत्त्याने बाहेर जाणं) ठेवलं.

तरी नेट चालेना. दोन्ही बाजूंना पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका होती, मग फायरवॉलला वाट कळणार कशी? लॅन १०.२०.३० वर नेली आणि चारही कॉम्प्युटर सुरू झाले. मुख्य इमारतीतल्या हिशेबाच्या एकाच कॉम्प्युटरवरून गोदामातल्या प्रिंटरवर पावत्या काढायच्या होत्या. पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे फायरवॉलवर आलेली मागणी प्रिंटरकडे वळवूनही, छपाई होईना. वॅनवर खासगी पत्ते (१९२.१६८ सारखे, फक्त आतल्या नेटवर्कांत वापरायचे) अडवण्याचा नियम मुळातच चालू असतो. थेट इंटरनेटसमोर तो हवाच, पण इथे वॅनच खासगी होती. तो बंद केला आणि त्या एका पत्त्यापुरतीच वाट उघडली. सगळ्यांना मोकळीक देणं सोपं होतं. पण मग फायरवॉल बसवायची कशाला?

काही महिन्यांनी जोडणी तुटायला लागली. सेटिंग सगळी तपासली, शेवटी डबा उघडला. कार्डावरचं ते मसुरीच्या दाण्याएवढं सॉकेट, आणि त्यावर अँटेनाची वायर अर्धवट बसलेली. नखाने दाबली, टक् आवाज झाला, सिग्नल उणे ८२ वरून उणे ६४ वर आला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला).

दुसऱ्या एका जागी मोबाइलला नेटवर्क दिसायचं, फायरवॉलला नाही. ॲक्सेस पॉइंट १३व्या चॅनेलवर होता आणि आमच्या कार्डात अमेरिकेची सेटिंग, जिच्यात तो चॅनेल येत नाही. देश बदलला, काम झालं.

त्यानंतर आम्ही रीतच बदलली. रेडिओ फायरवॉलच्या डब्यात ठेवायचा नाही. पलीकडच्या ॲक्सेस पॉइंटकडे तोंड करून भिंतीवर एक वेगळं क्लायंट उपकरण लावायचं, त्याला वीज आणि डेटा एकाच केबलमधून द्यायचा, आणि फायरवॉलला साधा इथरनेट पोर्ट. एक उपकरण वाढतं, पण रेडिओ बिघडला तर फायरवॉलला हात लावावा लागत नाही आणि कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरची कटकट राहत नाही. मला हाच मार्ग योग्य वाटतो. डब्यातल्या कार्डाचा आग्रह धरणाऱ्यांना मी तसं स्पष्ट सांगतो.

यात एक धोका मात्र आहे. हवेतली जोडणी तुटली तरी पोर्टचा दिवा लागलेलाच राहतो. शिवाय गेटवेला, म्हणजे पलीकडच्या पहिल्या राऊटरला, पिंग करून तपासलं, तर पलीकडचं इंटरनेट बंद असतानाही उत्तर येतं. म्हणून आम्ही तपासणीसाठी बाहेरचा पत्ता देतो.

आता आम्ही पाच जण आहोत. काम संपवताना मुख्य ॲक्सेस पॉइंट बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि कुणीही कशालाही हात न लावता शेवटच्या कॉम्प्युटरवर नेट परत येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. ते आलं की आमच्या हत्यारांच्या पिशव्या बंद होतात.