तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रासमोर बसून करायचं काय?

धार्मिक चित्रासमोर बसून चिंतन म्हणजे नेमकं काय करायचं, आणि ख्रिस्ती नसलो तरी ते जमतं का, असं तुम्ही विचारता. जमतं. पण चित्र एकच घ्या आणि त्याला वीस मिनिटं द्या. आम्ही सहसा सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचं ‘उधळ्या पुत्राचं पुनरागमन’ सुचवतो. सुमारे 1668चं, त्याच्या अखेरच्या वर्षांतलं, 262 बाय 205 सेंटिमीटरचं हे तैलचित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातली: वाट्याची इस्टेट उधळून परतलेला धाकटा, त्याला पोटाशी धरणारा बाप आणि त्यावरून चिडलेला थोरला.

फोनवर पाहू नका. संगणकावर मोठी प्रत उघडा, खोलीतला दिवा मालवा, पडद्याचा उजेड वाढवा. नाहीतर मागच्या काळोखातली माणसं दिसतच नाहीत. एकूण सहा जण आहेत. डावीकडे वरची बाई सगळ्यात शेवटी सापडते. छापील प्रत घेणार असाल तर उजवी बाजू तपासा. पुष्कळदा बाप-लेक ठेवून बाकीचं कापलेलं असतं. मग निम्मं चित्र गेलंच.

पहिली दहा मिनिटं अर्थ लावायचा नाही. उजेड कुठे पडलाय? बापाच्या कपाळावर, हातांवर, लेकाच्या पाठीवर, आणि उजवीकडे उभ्या माणसाच्या चेहऱ्यावरही. मग लेकाचे पाय पाहा. डावं पाऊल चपलेतून निसटलेलं, उजवी चप्पल झिजून फाटलेली. कमरेला कट्यार मात्र अजून आहे. भादरलेलं डोकं पाहून आपल्याला सुतक आठवतं; इथे ती हलाखीची खूण. बापाचा डावा हात रुंद, उजवा नाजूक. एक हात बापाचा, एक आईचा, असं सांगतात. छान आहे, पण ते एकदा ऐकलं की हात दिसेनासे होतात आणि नुसतं वाक्य उरतं. म्हणून माहिती आधी वाचू नका.

खरी गडबड पुढे होते. ज्याला-त्याला धाकटा व्हायचं असतं: चुकलो, माफी मिळाली, डोळे भरले, संपलं. तसं वाटायला लागलं की नजर उजवीकडे न्या. काठीवर हात ठेवून ताठ उभा असलेला दाढीवाला म्हणजे थोरला, असं सहसा मानतात. लूकच्या गोष्टीत तो या भेटीच्या वेळी शेतात असतो आणि नंतर घरात यायला नकार देतो. रेम्ब्रांटनं त्याला इथेच उभा केला, बापासारखाच लाल झगा दिला आणि मध्ये बरंच अंतर ठेवलं. गावी राहून आई-वडिलांचं औषधपाणी सांभाळणाऱ्याला परदेशातून चार दिवसांसाठी आलेल्या भावाचं कौतुक पाहून जे वाटतं, ते समजायला बायबल लागत नाही. उरलेली दहा मिनिटं त्याच्यापाशी घालवा. त्याला लगेच दोषी ठरवू नका.

रेम्ब्रांटचं याच प्रसंगावरचं 1636चं छोटं एचिंगही (धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून छापलेलं चित्र) आहे. त्यात बाप पायरीवर घाईनं वाकलाय, नोकर कपडे आणतायत, खिडकी उघडली जातेय. ते नंतरच पाहा. आधी पाहिलंत तर मोठ्या चित्रात काहीच घडत नाही असं वाटतं, आणि पाच मिनिटांत उठावंसं वाटतं.