तुम्ही विचारलेत म्हणून : त्या तिघांतला खरा पोप कोण?

चर्चच्या इतिहासावर मी काहीही बोलायला उभा राहिलो, की शेवटी प्रश्न हाच येतो : 'एकाच वेळी तीन पोप होते म्हणतात, मग त्यांतला खरा कोण?' वसईतले आमचे कॅथलिक लोक तो दबकत विचारतात. बाहेरचे मित्र मात्र याला उत्तर नसणारच अशा खात्रीने विचारतात. मला उत्तर आहे. पण ते एका नावात संपत नाही, आणि माझे पुरते ऐकून न घेता ते नाव तेवढे घेऊन निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

फॉर्मोसस पोपचे प्रेत उकरून ८९७ साली त्याच्यावर चालवलेला खटला येथे काढू नका. तेथे अन्याय कोणी केला हे उघड आहे. १३७८ चे तसे नाही, आणि तिघांचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पोपचा दरबार जवळजवळ सत्तर वर्षे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंत राहून रोमला परतला होता, आणि त्यानंतर चौदा महिन्यांतच, मार्च १३७८ मध्ये, अकरावा ग्रेगरी वारला. ७ एप्रिलला १६ कार्डिनल, म्हणजे पोप निवडण्याचा अधिकार असलेले वरिष्ठ धर्मगुरू, व्हॅटिकनमध्ये निवडणुकीसाठी बसले : ११ फ्रेंच, ४ इटालियन आणि पेद्रो दे लूना हा एक स्पॅनिश. बाहेर जमाव ओरडत होता, 'रोमन हवा, निदान इटालियन तरी हवा!' दुसऱ्या दिवशी सकाळी बारीचा आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो याच्या नावावर जवळजवळ एकमत झाले. तो कार्डिनलही नव्हता आणि रोमनही नव्हता. नाव जाहीर होण्याआधीच जमाव दारे फोडून आत घुसला, तेव्हा भेदरलेल्या कार्डिनलांनी तेबाल्देस्की या आपल्यातल्या वृद्ध, आजारी रोमन कार्डिनलाला पोपची वस्त्रे चढवून आसनावर बसवले आणि हाच तुमचा पोप म्हणून लोकांना दाखवले. लोक त्याच्या पाया पडू लागले आणि तो म्हातारा जीव तोडून सांगत राहिला, की मी पोप नाही, पोप बारीचा आर्चबिशप आहे. बाकीचे कार्डिनल त्या गोंधळात वाट फुटेल तिकडे पळाले.

भीती ओसरल्यावर त्यांनीच प्रिन्यानोला गादीवर बसवले, १८ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी सहावा उर्बन म्हणून त्याला मुकुट चढवला, आणि आव्हिन्योंत मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना निवड मोकळेपणाने झाल्याचे लेखी कळवले. ऑगस्टमध्ये मात्र, उर्बनच्या संतापी कारभाराला कंटाळून अनान्यीला गेलेल्या कार्डिनलांनी ती निवड धाकाने झाली असे जाहीर केले, आणि २० सप्टेंबरला फोंदी येथे जिनिव्हाच्या रॉबर्टला सातवा क्लेमेंट म्हणून निवडले. तो पुढे आव्हिन्योंला जाऊन बसला, आणि पोपच्या गाद्या दोन झाल्या.

तरुणपणी मी उर्बनची बाजू हिरिरीने मांडत असे. ज्याच्याकडून तुम्ही महिनोन्‌महिने पदे आणि सवलती मागितल्या, तो ऑगस्टमध्ये एकाएकी पोप नव्हता कसा? त्या तरुणाला मी आज विचारतो, की भीती काय फक्त दारे फुटल्यावर सुरू होते? आदल्या दिवसापासून आरोळ्या ऐकणाऱ्या माणसांचे एकमत किती मोकळे असेल? आणि उर्बनच्या हाताखाली, त्याच रोममध्ये बसून लिहिलेल्या पत्राला मोकळेपणाचा पुरावा कसे म्हणायचे? यावर तो तरुण मला तेबाल्देस्कीची आठवण देतो आणि मी गप्प होतो. त्या दुपारी गप्प बसून राहण्यात ज्याच्या जिवाची सर्वांत जास्त सुरक्षितता होती, त्यानेच ओरडून प्रिन्यानोचे नाव घेतले. माझे मत उर्बनच्या बाजूला झुकते ते या एका साक्षीमुळे.

उर्बन चांगला माणूस होता असे मी म्हणत नाही. कटाच्या संशयावरून १३८५ मध्ये त्याने नोचेरा येथे ६ कार्डिनलांना कैदेत टाकून त्यांचा छळ केला. त्यांतला इंग्रज अ‍ॅडम ईस्टन तेवढा वाचला. पण क्लेमेंटच्या नावावरही चेसेनाची १३७७ मधली कत्तल आहे, तेव्हा चारित्र्यावरून हा निवाडा होऊच शकत नाही.

सिएनाची कॅथरिन उर्बनच्या बाजूने झिजली. व्हिन्सेंट फेरर वर्षानुवर्षे आव्हिन्योंच्या बाजूने उभा राहिला. आम्ही दोघांनाही संत मानतो. प्रत्येक मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, पोपचे नाव घेऊन प्रार्थना होते. फ्रान्समधल्या धर्मगुरूने घेतलेले नाव वेगळे, इंग्लंडमधल्याचे वेगळे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांच्या राजाने ठरवलेले. त्या लाखो माणसांना खोटे ठरवून मला माझे उत्तर नको आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी मला सर्वांत जास्त दुखावले आहे ते येथे.

१४०९ मध्ये पिसा येथे तोडगा म्हणून आणखी एक पोप निवडला गेला आणि दोनाचे तीन झाले. ही फूट मिटवायला कॉन्स्टन्स येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने पिसाच्या गादीवरील तेविसाव्या जॉनला पदच्युत केले, रोमच्या बाराव्या ग्रेगरीने १४१५ मध्ये राजीनामा दिला, आणि ११ नोव्हेंबर १४१७ रोजी पाचवा मार्टिन निवडला गेला. त्याला मानले नाही ते पेद्रो दे लूनाने, म्हणजे तोवर आव्हिन्योंच्या गादीवर तेरावा बेनेडिक्ट झालेल्या त्याच स्पॅनिश कार्डिनलाने. त्याचा युक्तिवाद असा, की फुटीनंतर झालेल्या प्रत्येक कार्डिनलाचे पद संशयास्पद आहे. फुटीआधीचा निर्विवाद कार्डिनल मीच एकटा उरलो आहे, म्हणून पोप निवडण्याचा निर्विवाद अधिकारही माझ्या एकट्याचा. स्पेनमधल्या पेन्यीस्कोलाच्या किल्ल्यात १४२३ मध्ये मरेपर्यंत तो हे सांगत राहिला.

लोक याला म्हातारपणीचा हट्ट म्हणतात. मी म्हणत नाही, कारण त्याचे पहिले गृहीत मान्य केले तर पुढचे खोडता येत नाही, आणि ते पहिले गृहीत ८ एप्रिलच्या त्या खोलीशी जाऊन भिडते, जिच्यात तो स्वतः बसला होता. अधिकृत यादीत रोमचीच परंपरा मोजली जाते, आणि मीही तीच मोजतो. पण १३७८ ची निवड वैध होती की नव्हती, यावर चर्चने औपचारिक निवाडा कधी दिलेला नाही. आणि एखादा वाचक लूनाच्या बाजूने गेला, तर त्याला चूक ठरवायला माझ्याकडे तेबाल्देस्कीच्या साक्षीपलीकडे काही नाही.