डलहौसी चौक बघायचा तर रविवारीच

“कोलकात्याची बीबीडी बाग म्हणजे जुना डलहौसी चौक, दोन तासांत पायी आरामात होतो,” असं सांगणारा बहुतेक डिसेंबरात गेला असावा. आम्ही गेलो एप्रिलमध्ये, तेही मंगळवारी.

पहिली लूट हावडा स्टेशनबाहेर. नदीपलीकडे एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाल्याने सहाशे मागितले, घासाघीस करून तीनशेवर आला. देऊ नका! आता हुगळीखालून मेट्रो जाते. महाकरण स्टेशनला उतरलात की समोरच रायटर्स बिल्डिंग, म्हणजे राज्य सरकारचं जुनं सचिवालय. मेट्रो नको असेल तर फेरीबोट आहे, तीही स्वस्त.

रायटर्स बाहेरूनच बघायची. 2013मध्ये सरकारी कारभार हावड्यातल्या नबान्न या इमारतीत हलला, तेव्हापासून दुरुस्ती सुरू आहे. शेजारचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय (1868), मात्र चुकवू नका. जुन्या फोर्ट विल्यमच्या जागेवर ते उभं आहे आणि किल्ल्याची हद्द दाखवणारी पितळी पट्टी पायऱ्यांवर सापडते. शोधावी लागते, कारण तिच्यावरून अख्खं ऑफिस चालत असतं.

मुंबईचा फोर्ट बघून गेलेल्यांची आधी निराशाच होते. आपल्याकडे काळा बसाल्ट, कुर्ल्याचा दगड. इथे गाळाची जमीन, जवळपास दगडच नाही, म्हणून सगळा कारभार विटांचा आणि वर चुन्याचा गिलावा. दमट हवेत तो सुटतो आणि भेगांतून पिंपळ उगवतात. दगडासाठी सेंट जॉन्स चर्चच्या (1787) आवारात जा. कोलकात्याचा संस्थापक मानला जाणारा ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक इथेच पुरला आहे. त्याच्या थडग्याचा दगड मद्रासकडून आणलेला, आणि पुढे भूवैज्ञानिकांनी त्या जातीच्या खडकाला ‘चार्नोकाइट’ नाव दिलं ते यावरूनच. सावलीही भरपूर आहे.

त्या सावलीपर्यंत पोचणं हाच खरा छळ. जीपीओपासून चर्च आणि पुढे हायकोर्ट, नकाशावर वीतभर. प्रत्यक्षात फुटपाथवर स्टोव्ह, टायपिस्ट, झेरॉक्सवाले, त्यामुळे चालायचं रस्त्यावर, बसच्या धुरात. दुपारी बारा वाजता माझं डोकं ठणकत होतं आणि हायकोर्टाचा उंच मनोरा मी धड वर मान करून पाहिलाही नाही. बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या कापडबाजाराच्या धर्तीवर वास्तुरचनाकार ग्रॅनव्हिलने बांधलेली इमारत आहे ती, जीपीओही त्याचंच. एवढं वाचून गेलो होतो, उपयोग शून्य.

करन्सी बिल्डिंग (1833) मात्र सगळ्यात आवडली. 1990च्या दशकात मधल्या दालनाचे घुमट पाडले, आता उघड्या कमानींखाली उभं राहून वर थेट आकाश दिसतं. व्हिक्टोरिया मेमोरियल? मकराण्याचा संगमरवर, गर्दी, सेल्फी. जाल तर संध्याकाळी बागेत बसायला जा.

म्हणजे रविवार, सकाळी सातच्या आत. मेट्रो रविवारी उशिरा सुरू होते, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. चर्च आणि करन्सी बिल्डिंग उघडायला दहा वाजतील असं धरा, तोवर बाहेरून फिरा. आणि नाश्ता करूनच निघा: ऑफिसं बंद म्हटल्यावर डेकर्स लेन या खाऊगल्लीतला स्ट्यू-टोस्ट मिळेलच असं नाही.