रीलवालं गाणं आणि आजीचं कडवं

हल्ली लग्नाची सुपारी घेताना पैशाच्या गोष्टीआधी नवरदेवाचे मित्र मोबाईल पुढे धरतात. "भाऊ, हे रीलवालं वाजवता ना?" यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी-दिग्रसच्या पट्ट्यात आमची बॅन्ड पार्टी आहे. मी कॅसिओ वाजवतो आणि नवीन गाणी बसवायचं कामही माझ्याकडेच असतं. ऐन मे महिन्यातली एक वरात डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

फर्माईश होती 'मेरा दिल ये पुकारे आजा'. १९५४ च्या 'नागिन'मधलं गाणं, हेमंत कुमारांचं संगीत, लताबाईंचा आवाज. बॅन्डवाल्याला 'नागिन' नवीन नाही. 'मन डोले'ची पुंगी वाजली नाही अशी वरात मी पाहिलेली नाही. रुमाल तोंडात धरून धुळीत लोळणारा एक मामा प्रत्येक गावात असतोच. त्या सिनेमातली पुंगी खरी पुंगी नव्हे. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली, हार्मोनियमवर संगीतकार रवी होते. आमच्या कॅसिओचा तो पणजोबा. बॅन्डला नुसता गोंगाट म्हणणाऱ्या शिकलेल्या लोकांना मी हे आवर्जून सांगतो. पण त्याच सिनेमातलं हे दुसरं गाणं आम्ही कधी वाजवलं नव्हतं. विरहाचं गाणं वरातीत कोण लावणार? मग नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या एका लग्नात एक मुलगी त्याच्या रिमिक्सवर नाचली, तो व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला, आणि अडुसष्ट वर्षांचं जुनं गाणं आमच्या वहीत येऊन बसलं.

लोकांना वाटतं, रीलवरचं गाणं बसवायला काय लागतं? रील बनवणारे गाणं पळवतात. वेग सहा टक्क्यांच्या आसपास वाढवला की सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे कॅसिओच्या एका पट्टीने चढतो. तेवढंच असतं तर सगळे सूर एकेका पट्टीने सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबून भागलं असतं. पण कोणी चार टक्के वाढवतो, कोणी दहा, आणि सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकतो. पोट्ट्यांच्या कानात तोच बसलेला असतो; जरा खाली वाजवलं की "भाऊ, जमत नाही राव" म्हणायला मोकळे. मग ट्यूनिंगमध्ये शिरून ४४० चा आकडा, ज्यावरून बाकीचे सूर ठरतात तो, हळूहळू वर न्यायचा. कॅसिओचं असं जमतं. क्लारनेटचं काय? सूर उतरवायचा तर नळीचा जोड थोडा ओढून घेता येतो. चढवायचा तर आधीच बसलेला जोड आणखी आत कुठे घालणार? त्या दिवशी उन्हानेच आमच्या क्लारनेटवाल्या काकांना हात दिला. सकाळी अकराला डांबर मऊ पडलं होतं, आणि तापलेल्या हवेत क्लारनेट आपोआप चढतं. काकांनी ओठ आवळले आणि दोन्ही सूर एकमेकांना चिकटले. माझ्या अंगावर त्या उन्हात काटा आला. नाचणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो.

वरात मारुतीच्या देवळापाशी अडली. पोट्ट्यांना तोच पंधरा सेकंदांचा तुकडा हवा होता. एकाने मोबाईल धरायचा, बाकीच्यांनी हात तसेच फिरवायचे, कोणाचं चुकलं की "भाऊ, पुन्हा." नवरदेव घोडीवर घामाने निथळतोय, मुहूर्त डोक्यावर आलेला, मांडवातून निरोपांवर निरोप. हे फार वाढलं आहे. वरात नवरदेवाची असते, फोनची नव्हे.

बाजूच्या ओट्यावर नवरीची आजी बसली होती. तिने हाताने मला बोलावलं.

"बाबू, येवढंच येते का तुले? पुढचं कडवं काऊन नाही वाजवत?"

"आजी, पोट्ट्यायले येवढंच पाहिजे."

"त्यायले कुठी मालूम हाये पुढं काय हाये ते!"

मी काकांकडे पाहिलं आणि अंतरा धरला. आजी ओट्यावर बसल्याबसल्या गाऊ लागली. लहानपणी जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये जमिनीवर बसून तिने 'नागिन' पाहिला होता, हे मला नंतर कळलं. वरच्या सुरांवर आवाज फाटत होता, पण लय जराही हलली नाही. ओळीच्या शेवटी दम घ्यायला थांबायची आणि समेवर बरोबर हजर. नाचणाऱ्यांचे पाय थांबले. रीलमध्ये अंतराच नाही, तर त्याला हात कसे फिरवायचे हे कोणाला ठाऊक असणार? नवरीच्या भावाने मोबाईल आजीकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी ती रील आमच्या ग्रुपवरही आली. आजीच्या आवाजाखाली कोणीतरी ढोलाचे ठोके घातले होते, आवाज पळवला होता, आणि जिथे तो फाटतो तेवढीच जागा पुन्हापुन्हा लावली होती. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मला संताप आला, अजून येतो. सबंध गाणं जिने इतकी वर्षं पोटात सांभाळलं, तिच्या एका फाटक्या सुराचा यांनी खेळ केला. तिच्याकडे फोन नाही, तिला कोणी विचारलंही नाही. मी नवरीच्या भावाशी बोललो. तो म्हणाला, "मी काढून टाकली भाऊ, पण आता सगळ्यांपाशी हाये."

आणि तरी पुढच्या लग्नांत पोट्टे 'आजीवालं' मागू लागले. अंतऱ्याला आता ते थांबत नाहीत, पूर्ण नाचतात. जे मला इतकी वर्षं वाजवून जमलं नसतं, ते त्या टिंगलीने करून दाखवलं, आणि याचं मी काय करू ते मला उमगत नाही. दलेर मेहंदींचं १९९८ चं 'तुनक तुनक तुन' आठवतं. त्यांची गाणी व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे चालतात असं लोक म्हणायचे, म्हणून त्यांनी पडद्यावर चारही ठिकाणी स्वतःलाच उभं केलं. जगभरच्या पोरांनी ते हसायला उचललं. आज आमच्या ट्रॉलीवर ते सुरू झालं की सगळा रस्ता नाचतो. पण दलेर मेहंदी मंचावर उभे राहून स्वतःचं गाणं स्वतःच्या आवाजात गाऊ शकतात. आजीचा तिच्या लयीतला आवाज कोणी ऐकला?

काही जण क्लारनेटवर तो फाटलेला सूर काढा म्हणतात. काकांना तो सहज काढता येतो. ते काढत नाहीत, पैसे दाखवले तरी नाहीत.

मी त्या गावी गेलो तेव्हा आजीला रील ऐकवली. तिने मोबाईल कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"लयच पयवलं रे बाबू. दम कुठी घेऊ म्या?"

आता मी मुखडा त्यांच्या वेगाने वाजवतो, मग ढोलवाल्याला खूण करतो आणि अंतरा तिच्या लयीत, दम घ्यायच्या जागा सोडून. इसार घेतानाच हे सांगून ठेवतो. एका पार्टीने त्यावरून सुपारी मोडली.